गॅलाथियाची भरपाई हरियाणात?

ग्रेट निकोबारच्या पोस्टिंगवर असताना गॅलाथियाचा किनारा पाहिला. जगातलं सर्वांत मोठं समुद्री कासव, लेदरबॅक, तिथे अंडी घालतं. २०२१ साली त्या अभयारण्याचा दर्जा काढून घेतला, कारण तिथे कंटेनर बंदर व्हायचंय. प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आणि भरपाईची झाडं लावणार हरियाणात!

वर म्हणतात, "देशाच्या सुरक्षेसाठी." मित्रांनो, सुरक्षा आम्हालाही कळते. त्यासाठी कॅम्पबेल बेला २०१२ पासून नौदलाचा 'आयएनएस बाझ' तळ आहेच. तो खुशाल वाढवा. पण मालवाहू जहाजांचा धंदा आणि टाउनशिप आमच्या वर्दीआड लपवू नका. कुंपणच शेत खायला लागलं, तर आम्ही राखण कशाची करायची?