घोड्यावर बसण्यापूर्वी त्याचे पाय पाहा

माथेरानला मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तिथे उतरले, की मुलांचा हट्ट घोड्याचाच! मग भाड्याची घासाघीस होते. घोड्याच्या पायांकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते.

घोडा आपले सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो. म्हणून लंगडण्याचे मूळ बहुधा पुढच्या पायांत, त्यातही खुरात सापडते. कधी खडा रुततो, कधी नाल ठोकताना खिळा आतल्या जिवंत भागात जातो. ओल्या शेणमुतात सतत उभे राहिल्याने तळव्याचा मऊ भाग कुजतो आणि दुर्गंधी येते. धान्य जास्त खाल्ल्यानेही खुरांच्या आत सूज येते. खूर गरम लागतात आणि घोडा भार मागे टाकून उभा राहतो. अशा वेळी डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

रस्ताही महत्त्वाचा. माथेरानच्या लाल मातीत खुराला पकड मिळते. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरी ते शिवाजी पुतळा या मुख्य रस्त्यावर असे ब्लॉक बसवण्यास परवानगी दिली. आतल्या वाटांवर मात्र नाही.

लंगडणे ओळखावे कसे? घोड्याला सपाट जागी, दोर सैल सोडून, दहा-बारा पावले चालवायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना तो डोके वर झटकतो आणि चांगला पाय टेकताना खाली घेतो. मागचा एखादा पाय सैल सोडून उभा असेल, तर तो बहुधा विसावा घेत असतो. पण पुढचा एकच पाय सारखा पुढे ठेवत असेल, तर शंका घ्यावी.

घोडेवाल्यांनी रोज खूर साफ करावेत आणि साधारण सहा आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावेत. खुरात खिळा घुसल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे. काही ठिकाणी लंगड्या पायाला डाग देतात. त्याने दुखणे बरे होत नाही, उलट भाजल्याची जखम तेवढी वाढते.

घोडा बसून राहिला, की घरची चूल अडते, म्हणून मालक त्याला तसाच बाहेर काढतो. पण आज विश्रांती न मिळालेला पाय उद्या कायमचा निकामी होऊ शकतो. तेव्हा घोडा लंगडताना दिसला, तर मालकाशी भांडू नका. त्याचाच दुसरा घोडा मागा, नाहीतर मुलांचा हात धरून चालत निघा.