विश्लेषण : फवारूनही फुलकिडे का मरत नाहीत?

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत फुलकिडे आणि उडद्यांसाठी फवारण्या सुरू होतात. त्यातली लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील औषधे कीटकाच्या चेतापेशीतली वीज बिघडवतात.

ही वीज कसली?

चेतापेशीच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला की पटलातल्या सोडियमच्या वाहिन्या उघडतात आणि हजारांश सेकंदात मिटतात. पायरेथ्रॉइड त्या मिटू देत नाही. पेशी संदेश सोडतच राहते आणि कीटक लुळा पडतो.

ती दिसते कशी?

सूक्ष्म इलेक्ट्रोडने एका वेळी सहसा एकच पेशी मोजता येते. प्रतिदीप्त रंग मात्र पटलात शिरून बसतो आणि व्होल्टेज बदलताच कमी-अधिक चमकतो. अनेक पेशी एकदम कॅमेऱ्यात येतात. अमेरिकेत इचिजी तासाकी व सहकाऱ्यांनी चेतातंतूतले असे बदल १९६८ मध्येच नोंदवले होते. बदल तसा किरकोळ, चांगल्या रंगातही १०० मिलिव्होल्टला १० टक्क्यांच्या आसपास. औषध टाकल्यावर चमक उसळत राहिली तर वाहिन्या अडकल्या. नेहमीसारखी निवळली तर औषध लागूच पडले नाही.

बागेत काय?

वाहिनीच्या प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलले तरी पायरेथ्रॉइडची पकड ढिली होते. घरमाशी, डास आणि फुलकिड्यांच्या काही जातींत असे बदल सापडले आहेत. तिथे मात्रा वाढवली तर प्रतिकारक किडीच मागे उरतात, शिवाय निर्यातीच्या मालात अवशेषांची भीती. त्याच गटातले दुसऱ्या नावाचे औषध आणणे हाही खर्चच. स्पिनेटोरम चेतापेशीतल्या वेगळ्या प्रथिनावर काम करते, म्हणून फवारणीत गट बदलायला सांगतात.