‘शॉर्टसर्किट’ म्हणजे तपास नव्हे

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊसतोडणीचा हंगाम आला की विजेच्या तारांखालचा उभा ऊस पेटल्याच्या बातम्याही येतात. पंचनामा होतो आणि कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द पडतो : शॉर्टसर्किट. कुरकुंभ वा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आग लागली, तरी धूर विरण्यापूर्वी हाच शब्द ‘प्राथमिक अंदाज’ म्हणून बाहेर पडतो. अंदाज बांधणे हा दोष नव्हे. परंतु अंदाजच निष्कर्ष म्हणून कागदावर कायम झाला, की तपासाचे दार बंद होते.

या एका शब्दावर पुष्कळ काही अवलंबून असते. ठिणगी तारेतून पडली हे सिद्ध झाले, तर शेतकऱ्याला वीज कंपनीकडे भरपाई मागता येते. कोणी पाचट पेटविले असे ठरले, तर तो मार्ग खुंटतो. जळीत उसाच्या भावातील कपात त्याला सोसावी लागते ती निराळीच. कारखान्याच्या आगीत विम्याचा दावा आणि प्रसंगी फौजदारी खटलाही याच शब्दावर उभा राहतो.

शास्त्र मात्र इतके सोपे उत्तर देत नाही. तारेच्या टोकाशी वितळलेल्या तांब्याचा मणी आढळला, तर तेथे शॉर्टसर्किट झाले एवढेच कळते. आग त्यानेच लागली हे कळत नाही. आगीने तारेवरील आवरण जळाल्यावरही तारा भिडतात आणि तसाच मणी तयार होतो. शेतातही तेच. सैल तारा वाऱ्याने एकमेकींवर आदळल्या की ॲल्युमिनियमचे तप्त कण वाळल्या पाचटावर पडतात, हे खरे. पण खालून उठलेल्या ज्वाळांमुळेही तारांमध्ये ठिणगी उडू शकते. म्हणून आधी काय घडले, हाच खरा प्रश्न होय. उपकेंद्रात फीडर बंद पडल्याची वेळ, तारांवरील खुणा, वाऱ्याची दिशा आणि प्रथम पाहणाऱ्याचा जबाब एकत्र ताडून पाहिल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही. जळालेल्या उसाचा उतारा दिवसागणिक घटतो, त्यामुळे तोडणी थांबवता येत नाही. पुरावा टिपायचा तो त्याच दिवशी.

ठोकताळ्यांवर विसंबल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हे अमेरिकेतील टेक्सास राज्यात दिसून आले. १९९१ मध्ये घराला लागलेल्या आगीत कॅमेरून टॉड विलिंगहॅम याच्या तीन मुली मरण पावल्या. जमिनीवरील जळाल्याच्या खुणा आणि काचेला गेलेले बारीक तडे हे ज्वालाग्राही द्रव ओतल्याचे चिन्ह आहे, असे तपासनिसांनी छातीठोकपणे सांगितले. २००४ मध्ये विलिंगहॅमला मृत्युदंड देण्यात आला. तापलेल्या काचेवर पाणी पडले तरी तसे तडे जातात आणि संपूर्ण खोली एकदम पेटली तरी जमिनीवर तशा खुणा उमटतात, हे शास्त्राला तोवर ठाऊक झाले होते. त्या देशातील अग्नितपासाच्या मार्गदर्शिकेने पुढे आणखी एक पायंडा मोडीत काढला : इतर कारणे वगळली एवढ्यावरून, पुरावा नसलेले उरलेले कारण खरे मानता येत नाही.

‘कारण निश्चित करता आले नाही’ असे लिहिण्यात तपासनिसाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कसून तपास केल्यानंतर लिहिलेले ते वाक्य व्यवसायनिष्ठेचेच लक्षण आहे. मात्र ते आळसाचे पांघरूण होता कामा नये, आणि अनिश्चिततेचा अर्थ ‘शेतकऱ्याचाच दोष’ असाही लावला जाऊ नये. प्रत्येक अहवालात प्रत्यक्ष काय पाहिले, त्यावरून काय ताडले आणि कोणत्या शक्यता शिल्लक राहिल्या, हे तीन भाग वेगवेगळे लिहिण्याची सक्ती झाली पाहिजे. फीडरच्या नोंदी नुकसानग्रस्ताला मागताक्षणी मिळाल्या पाहिजेत. जळालेले शेत पुढील हंगामात पुन्हा उभे राहते. घाईने लिहिलेला चुकीचा शब्द मात्र कागदावर वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याची झळ दुबळ्यालाच बसते.