उज्जयिनीचा रामघाट : यात्रेकरूंस दोन शब्द

प्रवासाची साधने वाढली, तशी प्रवासातील सबुरी मात्र कमी झाली. मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने सायंकाळी निघालेले कुटुंब सकाळी उज्जैनला उतरते, महाकालेश्वराच्या रांगेत उभे राहते, भर दुपारी रामघाटावर क्षिप्रेत पाय बुडविते आणि दिवस मावळण्यापूर्वी इंदूरची वाट धरते. एवढ्यात उज्जयिनी ‘उरकली’! पेढीवरील ही घाई तीर्थस्थानी बरोबर नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे नगर आपणांस परके नाही. दिवाळीत नव्या वहीवर आपण जो विक्रम संवत् लिहितो, त्याचा संबंध परंपरेने येथील विक्रमादित्याशी जोडला आहे. कालकाचार्यांची कथा येथलीच आणि अवंती पार्श्वनाथाचे तीर्थही येथेच. मराठी माणसास तर येथे घरच्याच खुणा आढळतात. महाकालेश्वराच्या मंदिराचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, तर भर बाजारातील गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला बिऱ्हाड हलवीपर्यंत शिंदेशाहीची राजधानी हीच होती.

म्हणून येथे निदान दोन रात्री तरी मुक्काम करावा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. पावसाळ्यात पूर आला की रामघाटावरील देवळे पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात दुपारी पायऱ्या तापतात, तेव्हा वृद्धांस व मुलांस पहाटेच न्यावे. भस्मआरती पाहावयाची असल्यास नोंदणी आधीच करून ठेवावी. जुन्या शहरातील बोळ अरुंद आहेत. ते पायी हिंडण्यातच मौज आहे. सवाई जयसिंहाच्या वेधशाळेसाठी एक सकाळ राखावी.

रामघाटावरील क्षिप्रेची आरती सायंकाळी होते. पलीकडच्या तीरावर दत्त आखाड्यामागे सूर्य कलतो, तेव्हा इकडे बसून राहण्यासारखे सुख नाही. मात्र ज्यांचा चौविहाराचा नियम आहे, त्यांनी आरतीपूर्वीच जेवण आटोपावे. नाहीतर एक साधताना दुसरे हुकते. कांदा-लसणाविना जेवण हवे असेल तर तसे आधीच सांगून ठेवावे.

नावाडी, रिक्षावाला, पूजा सांगणारा, यांच्याशी दर आधी ठरवावा. पण एकदा ठरलेल्या दराला जागावे. गादीवर बसून शब्दाची किंमत सांगणारे आपण घाटावर उतरल्यावर नावाड्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे शोभत नाही. भैरवगढचे बाटिकचे कापड घ्यावयाचे तर कारागिराच्या हाती योग्य मोल पडेल असे पाहावे.

आता मुख्य गोष्ट. क्षिप्रा आज स्वतःच्या बळावर बारमाही वाहत नाही. इंदूरकडून येणारी कान्ह नदी शहराचे मैले पाणी घेऊन वरच्या अंगास त्रिवेणीपाशी तिला मिळते. नदीत पाणी राहावे म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी नळांवाटे क्षिप्रेत आणले गेले. म्हणजे रामघाटावर आपण ज्या पाण्यात उतरतो, त्यात उसनवारीचा वाटा मोठा आहे. उसन्या मालाची काळजी स्वतःच्या मालाहून अधिक घ्यावी, हे व्यापाऱ्यास का सांगावयास हवे? तरीही साबण, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, जुने कपडे यांचा भार आपण यात्रेकरूच नदीवर टाकतो. कान्हचे पाणी रोखणे सरकारचे काम. पण आपल्या हातची पिशवी रोखावयास सरकार कशाला हवे?

१८ वर्षांखालील मुलांस बरोबर नेणाऱ्या कुटुंबांनी तर हे अवश्य पाळावे, कारण मुले उपदेशापेक्षा आचरण लवकर उचलतात. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ साली भरावयाचा आहे. तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या यात्रा निघतील. यात्रेच्या आयोजकांनी नदीत काहीही न टाकण्याचा नियम आधीच घालून द्यावा. दानाची इच्छा असणाऱ्यांनी नावाची फरशी बसविण्याऐवजी घाटाच्या स्वच्छतेस हातभार लावावा. तीर्थाहून आपण पुण्य घेऊन येतो असे मानतो. तेथे मागे काय ठेवून आलो, हेही जमाखर्चात धरले पाहिजे.