दर वर्षी नवी टीम का?

"यंदा टीम नवी आहे ताई, पुढच्या वर्षी बघा." आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबद्दल हे वाक्य मी गेली काही वर्षं ऐकते आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम देत नाही. प्रश्न त्या एकाच ठिकाणचा नाही, आणि तिथले खेळाचे सर तर मनापासून राबणारे आहेत. संघटनेच्या कामानिमित्त माझं तिथे जाणंयेणं असतं, त्यामुळे मुलींशी ओळख झाली आणि त्यांचे सामनेही बघायला लागले.

यंदाच्या संघातल्या बहुतेक मुलींनी जून-जुलैपूर्वी बास्केटबॉल हातात धरलेलासुद्धा नव्हता. कुणी शाळेत खो-खो खेळलेली, कुणी कबड्डी, कुणी काहीच नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात समोरच्या संघानं त्यांना मोठ्या फरकानं हरवलं. हरल्याचं वाईट वाटलं, पण हार-जीत चालायचीच. मला खरा प्रश्न पडतो तो दुसराच. मागच्या वर्षी अशीच 'नवी' असलेली टीम यंदा 'जुनी' का झाली नाही? त्या मुली गेल्या कुठे?

बास्केटबॉल हा पाच जणींनी मिळून खेळायचा खेळ आहे. चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडे फेकावा लागतो. तेवढ्या वेळात आपली मैत्रीण कोणत्या बाजूनं धावणार, ती कुठे थांबणार, हे न विचारता कळावं लागतं. ही समज दोन महिन्यांच्या सरावानं येत नाही. एकत्र खेळून, एकत्र हरून, दोन-तीन वर्षांनी येते. जगातल्या कुठल्याही महाविद्यालयाचा संघ कधीतरी दुबळा होतो. जुने खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतात, नवे येतात, एखादं वर्ष पडझडीचं जातं आणि मग संघ पुन्हा उभा राहतो. आमच्याकडे मात्र प्रत्येकच वर्ष उभारणीचं. पाया खणायचा, जोतं बांधायचं, आणि उन्हाळा आला की ते मोडून टाकायचं. विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये पंचविशीपर्यंत खेळता येतं. आमच्या मुलीच्या वाट्याला त्यातलं एखादं वर्ष येतं, फार तर दोन.

मागच्या संघातल्या मुलींची चौकशी केली तेव्हा उत्तरं ठरलेलीच निघाली. तीन-चार जणींची लग्नं झाली. एकीची आई ऊसतोडीला जाते म्हणून धाकटी भावंडं आणि म्हातारी आजी हिच्यावर आली. एकीच्या गावाहून येणाऱ्या एसटीची वेळ बदलली आणि सरावाला थांबलं तर परतायला गाडी उरेना. एकीला कुणीतरी हाफ पँटमध्ये खेळताना पाहिलं, आणि ते 'पाहुण्यां'च्या कानावर गेलं. गुडघा दुखावला म्हणून, किंवा खेळ आवडेनासा झाला म्हणून संघ सोडलेली मुलगी त्यांत एकही नव्हती.

हे एका संघाचं दुखणं नाही हे सांगायला आकडे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. साऱ्या महाराष्ट्रासाठी हाच आकडा सुमारे २२ होता. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. म्हणजे जन्माला येण्यापासूनच मुलीची वाट अडवलेली. जी जन्मली, दहावी-बारावी झाली, महाविद्यालयात पोचली आणि मैदानावर उतरली, ती किती गाळण्यांतून गळून आली असेल याचा विचार करा. तिलाही आपण एका हंगामापेक्षा जास्त खेळू देत नाही.

ऊसतोडीचा या सगळ्याशी सरळ संबंध आहे. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवराबायको मिळून एक कोयता. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, हा हिशोब गावोगाव मांडला जातो. मुलीच्या बाजूनं हिशोब वेगळा असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात त्या पुढचे पाच-सहा महिने परतत नाहीत. वयात आलेली पोरगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावरच्या कोपीत तरी ती सुरक्षित आहे का? आईबापांची ही भीती खोटी नाही. त्या भीतीवर त्यांना एकच उपाय दिसतो, तो म्हणजे लग्न. आणि महाविद्यालयांच्या स्पर्धा साधारण याच दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे येतात. ज्या महिन्यात संघ जमायला हवा त्याच महिन्यात घरं रिकामी होतात.

"अठरा पूर्ण झाल्यावर लग्न केलं तर तुमची हरकत काय?" असं आम्हाला विचारतात. कायद्याच्या दृष्टीनं हरकत नाही, हे खरं. पण आमच्या चळवळीनंही अठरा हा आकडा जरा जास्तच घट्ट धरून ठेवला आहे असं मला वाटतं. बालविवाह थांबवला की फोटो निघतो, बातमी येते. त्याच मुलीचं अठरावं सरून सहा महिने होत नाहीत तोच लग्न लागतं, शिक्षण सुटतं, खेळ सुटतो. त्याची नोंद कुणाकडेच राहत नाही. अठरा हे लग्नाला परवानगी मिळण्याचं वय आहे. ते लग्न उरकून टाकण्याचं वय कधी झालं?

मुलग्यांचं काय होतं तेही पाहू. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शेतकऱ्याच्या घरातला. बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे धावायला लागला, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्याच्या कष्टांना तोड नाही. पण त्याच्या वाटेकडे नीट बघा. गरीब घरातल्या मुलग्याला अठराव्या वर्षी घराबाहेर पडायला एक दार होतं, आणि त्या दारातून गेल्यावर खेळायला वर्षं मिळाली. त्याच वयात त्याच गावातल्या मुलीला घराबाहेर काढणारं दार एकच असतं, आणि ते सासरचं.

अलीकडे मुलींसाठी एक खिडकी उघडली आहे, पोलीस भरतीची. पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणाऱ्या मुली आता आमच्याकडेही दिसतात. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक असा त्यांचा सराव चालतो. ट्रॅकपँट घातली तरी गाव फारसं बोलत नाही, कारण पुढे नोकरी दिसते. हे चांगलंच आहे. पण मुलीनं धावायचं तर त्याला नोकरीचं कारण लागतं, आणि भरती झाली नाही की धावणं बंद होतं. पोरगा संध्याकाळी क्रिकेट खेळायला जातो तेव्हा "यातून काय मिळणार?" असं कोण विचारतं?

आणखी एक उदाहरण आपल्या अभिमानाचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारताच्या मुलींनी तो जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे. तिचं कुटुंब मूळचं आमच्या केज तालुक्यातलं. आनंद झालाच. पण तिचा खेळ घडला तो पुण्याकडे. तिथे तिला वर्षानुवर्षं तेच मैदान, तोच सराव मिळत राहिला. बीडच्या मातीतली मुलगी जग जिंकू शकते हे यातून सिद्ध झालं. आता प्रश्न असा, की त्यासाठी तिच्या घरच्यांना बीड सोडावंच लागतं का?

बास्केटबॉलचा स्वतःचा इतिहासही आपल्याला काही सांगतो. १८९१ मध्ये अमेरिकेत हा खेळ निघाला. दुसऱ्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं स्मिथ महाविद्यालयातल्या मुलींना तो शिकवायला घेतला. १८९३ मध्ये तिथे पहिल्या वर्षाच्या मुली विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या मुली असा सामना झाला, आणि पुरुषांना तो बघायला मनाई होती. बायकांना झेपणार नाही, दमतील, धसमुसळ्या होतील, या समजुतीतून मुलींसाठी वेगळे नियम आले. मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीनं आपल्याच भागात राहायचं असं ठरलं. मुलींनी पूर्ण मैदानभर धावायचा हक्क मिळवायला कित्येक दशकं गेली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ मध्ये आलं, बायकांचं १९७६ मध्ये. आज आमच्या मुलींच्या मैदानावर त्या रेषा नाहीत. त्यांच्या आयुष्यावर मात्र आहेत. इथपर्यंत शिकायचं, एवढ्या वाजेपर्यंत बाहेर राहायचं, अमुक वर्षापर्यंत खेळायचं.

काही कार्यकर्त्या मैत्रिणींना हा विषयच चैनीचा वाटतो. दुष्काळ आहे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पाहणीत ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अशा जिल्ह्यात बास्केटबॉलचं काय घेऊन बसलात? मी म्हणते, याच जिल्ह्यात ते घेऊन बसायला हवं. जिथे बाईचं शरीर म्हणजे कोयत्याचा अर्धा भाग, पाळी आली की खाडा, आणि दुखलं की काढून टाकायची पिशवी, तिथे आपलं शरीर आपल्या आनंदासाठी वापरणारी मुलगी ही छोटी गोष्ट नाही. सर एकदा मला म्हणाले, "यांना चेंडू टाकायला महिन्यात शिकवतो, पण 'इकडे दे' म्हणून ओरडायला शिकवायला वर्ष जातं." जन्मभर हळू बोल, हळू हस ऐकलेल्या मुलींना भर मैदानात मोठ्यानं हाक मारता येत नाही. ज्या दिवशी येते, त्या दिवशी ती मुलगी बदललेली असते. आपण शिबिरांतून जे सांगतो ते ती घाम गाळून शिकते. आणि नेमकी तेव्हाच तिची सोयरीक जमते.

खेळाचं मैदान आपोआप सुरक्षित होत नाही, हेही विसरून चालणार नाही. २०२३ मध्ये देशासाठी पदकं आणणाऱ्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. त्यामुळे "मुलींना खेळू द्या" एवढं आईबापांना सांगून भागत नाही. तिथे स्त्री-प्रशिक्षक आहे का, स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी आहे का, बाहेरगावी स्पर्धेला जाताना सोबत बाई असते का, तक्रार समिती कागदावरच आहे की मुलींना तिच्या सभासदांची नावं माहीत आहेत, हे आपणच जाऊन विचारलं पाहिजे.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००५ पासून राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आली आहे. पण राखीव जागेपर्यंत पोचायला आधी राज्य पातळीपर्यंत खेळावं लागतं आणि त्यासाठी वर्षं लागतात. अर्ध्या तिकिटासाठी आधी संध्याकाळी गाडी असावी लागते. आणि बारावीनंतरच्या मुलीनं फडाच्या दिवसांत राहायचं कुठे, हा प्रश्न घरोघरी तसाच उभा आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपापल्या भागातल्या महाविद्यालयात जा आणि मुलींच्या संघांची यादी मागा. संघ किती सामने जिंकला हे नंतर बघू. मागच्या वर्षी खेळलेल्या किती मुली यंदा परत आल्या, हे आधी मोजा. ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी जा, कारण लिहून घ्या. हा एक आकडा दर वर्षी प्राचार्यांपुढे आणि विद्यापीठापुढे ठेवा. सरावाची वेळ आणि एसटीची वेळ जुळवून घेण्यासाठी आगाराकडे अर्ज करा. दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, खेळाडू मुलींच्या आईबापांची बैठक घ्या. चार महिने त्या मुलीची राहायची सोय गावातल्या बचतगटाच्या बायका मिळून करू शकतात का, हे त्या बैठकीत ठरवा. आणि लग्न झालेल्या मुलींनाही संघात घ्या. सासरी जाऊन बोला. गळ्यात मंगळसूत्र आलं म्हणून हातातला चेंडू खाली ठेवायलाच पाहिजे, असा नियम कुठल्याही स्पर्धेत नाही.

यंदाच्या संघात पहिल्या वर्षाच्या मुली बऱ्याच आहेत. हरल्यावरही दुसऱ्या दिवशी त्या सरावाला आल्या होत्या, असं सर सांगत होते. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मैदानावर, एकमेकींसोबत उभं राहायला मिळालं, तर "टीम नवी आहे" हे वाक्य निदान एका महाविद्यालयात तरी बंद होईल. आम्ही इथे मोजणीला सुरुवात केली आहे. मैत्रिणींनो, तुमच्याकडचे आकडे आणि अनुभव आम्हाला जरूर कळवा.