कोअर मोजू की कॅश?

अप्रेझल झालं की घरच्या पीसीचे वेध लागतात. दुकानदार लगेच मोठा आकडा पुढे करतो, ‘सोळा कोअर आहेत, डोळे मिटून घ्या!’ थांबा, बॉस. खेळायला घेताय की कामाला?

एएमडीचे २०२४ साली आलेले हे दोन प्रोसेसर बघा. रायझन ९ ९९५०एक्समध्ये १६ कोअर, रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये फक्त ८. तरी बहुतेक गेम्समध्ये बाजी मारतो हा धाकटाच! त्याच्याकडे ९६ एमबी एल३ कॅश मेमरी आहे. थोरल्याकडे ६४, तीही दोन चिप्समध्ये निम्मी-निम्मी वाटलेली. कॅश भरपूर असली की गेमचा डेटा आणायला सारखं रॅमपर्यंत धावावं लागत नाही. (फोर-केवर मात्र फरक जेमतेम, तिथे सगळा भार ग्राफिक्स कार्डावर.)

रात्री जागून कोड कंपाइल करत असाल किंवा प्रोसेसरवर थ्रीडी रेंडर लावत असाल, तर गणित उलटं. तिथे प्रत्येक कोअर राबतो, थोरल्याला तोड नाही.

लाँचच्या किमती ६४९ आणि ४७९ डॉलर्स. नुसतंच खेळणार असाल तर मधले १७० ग्राफिक्स कार्डात घाला ना! सॉकेट दोघांचं एकच, एएम५. उद्या काम वाढलंच, तर त्याच मदरबोर्डवर थोरला बसेल.