भर उन्हातली भीती

भुताच्या सिनेमाची सुरुवात कशी असते हे रामसे बंधूंच्या पिक्चरवर वाढलेल्या आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. रात्र, हवेली, करकरणारं दार, वीज कडाडते आणि पार्श्वसंगीत असं काही अंगावर येतं की विचारू नका. भीती म्हणजे काळोख अधिक दणदणाट, असं माझं साधं समीकरण होतं. ते मोडलं स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'ने (१९८०).

या सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावळीत काहीच घडत नाही. लख्ख दिवस. तळं, डोंगर, वळणावळणाच्या रस्त्याने जाणारी एक पिवळी फोक्सवॅगन आणि हेलिकॉप्टरमधून तिच्या मागे लागलेला कॅमेरा. पर्यटन खात्याने जाहिरातीत वापरावीत अशी दृश्यं. तरी पोटात गोळा येतो.

कारण कानावर पडतं ते वेगळंच. वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी 'दिएस इरे' या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राची चाल सिंथेसायझरच्या खर्जात वाजवली आहे. हे स्तोत्र अंतिम निवाड्याच्या दिवसाचं, कॅथलिक अंत्यविधीत गायलं जायचं. त्यावर मधूनच रडणं की किंचाळणं कळू नये असे माणसाच्या गळ्यातले आवाज. डोळे सांगतात सहलीला निघालोय, कान सांगतात अंत्ययात्रेला. ताण येतो तो या दोघांच्या भांडणातून.

इंजिनिअरची खोड, म्हणून आवाज बंद करून पाहिलं. भीती गायब! डोळे मिटून नुसतं ऐकलं, भीती हजर.

याहून पक्का पुरावा १९८२ सालच्या 'ब्लेड रनर'मध्ये आहे. शेवट गोड करायचा होता, तेव्हा दिग्दर्शक रिडली स्कॉटने कुब्रिककडून याच चित्रीकरणातली न वापरलेली दृश्यं मागून घेतली. तोच मुलूख, तसंच हेलिकॉप्टर. पण सोबत नायकाचं निवेदन आणि व्हॅन्जेलिसचं संगीत. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात.

मग काळोख बिनकामाचा का? नाही. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'ची (१९७८) सुरुवात बघा. काळ्या पडद्यावर आतून दिवा लावलेला कोरीव भोपळा, आणि कॅमेरा हळूहळू त्याच्याजवळ सरकतो. पण खरी गंमत पियानोवर आहे. कार्पेंटरने स्वतः रचलेली ही धून पाच मात्रांची. चाराची सवय असलेल्या कानाला दर वेळी एक मात्रा जास्त येते, टेकायला जागाच मिळत नाही. काळोख नजर एका जागी बांधून ठेवतो, छळ मात्र कानाचा होतो.

तुम्ही म्हणाल, दणदणाटानेही दचकायला होतंच की. होतं. पण दचकणं क्षणात विरतं. भीती वाट पाहायला लावते, आणि हे आपल्याकडच्या बऱ्याच दिग्दर्शकांना अजून पटत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही कुब्रिकच्या त्याच रस्त्याने गेलो. मोंटानामधल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला 'गोइंग-टू-द-सन रोड'. जुलैचं ऊन, मागे मुलं चिवडा खातायत, बायको तळ्याचे फोटो काढतेय. आणि मी नकळत ती धून गुणगुणायला लागलो.

दोन मिनिटांत मागून धाकटीचा आवाज आला, "बाबा, ते नको ना!"

तिने सिनेमा पाहिलेला नव्हता.